आठ अधिक चार बरोबर चौकट अधिक पाच

घरात दुसरी-तिसरीत शिकणारं मूल असेल तर कागदावर एवढंच लिहून त्याच्यापुढे ठेवा:

८ + ४ = □ + ५

मदत करू नका. चौकटीत काय येईल, एवढंच विचारा. बहुतेक वेळा उत्तर येतं १२. काही मुलं दिसतील ते सगळे आकडे गोळा करून १७ लिहितात. ७ लिहिणारं मूल क्वचितच भेटतं.

माझ्या तिसरीतल्या भाचीनेही १२च लिहिलं. हातच्याची बेरीज ती न चुकता करते, बारापर्यंतचे पाढे घडाघडा म्हणते. मी विचारलं, "मग हे शेवटचं अधिक पाच कशाला आहे गं?" ती अगदी शांतपणे म्हणाली, "ते पुढचं गणित आहे, मावशी. ते नंतर करायचं."

तिच्या उत्तरात बेरीज कुठेच चुकलेली नाही. आठ आणि चार बाराच होतात. अडलंय ते त्या मधल्या दोन आडव्या रेघांपाशी. तिच्या लेखी '=' या खुणेचा अर्थ आहे 'आता उत्तर लिहा'. खुणेचा खरा अर्थ आहे 'इकडे जेवढं आहे तेवढंच तिकडे आहे'. या दोन अर्थांमधलं अंतर पहिली-दुसरीत दिसत नाही, कारण तिथे दोन्ही अर्थांनी काम भागतं. सहावी-सातवीत समीकरणं आली की तेच अंतर दरीएवढं होतं, आणि 'बेरीज-वजाबाकीत हुशार होता, बीजगणितात मागे पडला' असं आपण म्हणून टाकतो.

वय वाढलं की हे आपोआप समजेल, असंही नाही. अमेरिकेत कारेन फॉकनर, लिंडा लेवी आणि थॉमस कार्पेंटर यांनी वरचाच प्रश्न प्राथमिक शाळेतल्या मुलांना विचारला होता. त्यांचा लेख १९९९ साली प्रसिद्ध झाला. सहावीतल्या १४५ मुलांनी तो सोडवला, आणि सगळ्यांनी चौकटीत १२ किंवा १७ येईल असंच मानलं. सहा वर्षं गणित शिकलेली मुलं होती ती. मुद्दाम शिकवल्याशिवाय हा अर्थ उमगत नाही, हे यावरून मला तरी पटलं.

मुलांचा हा समज होतो कसा? त्यांच्या वह्या उघडून बघा. डावीकडे गणित, मग खूण, मग उजवीकडे रिकामी जागा. ५ + ३ = __, ९ − ४ = __. पानंच्या पानं याच साच्याची. कॅल्क्युलेटरवरही तीच खूण असलेलं बटण दाबलं की उत्तर येतं. शेकडो वेळा एकच गोष्ट पाहिल्यावर मूल जो अर्थ लावेल तोच त्यांनी लावलेला असतो. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

मराठीत आणखी एक गुंता आहे आणि तो आपल्या कानाला सवयीने जाणवत नाही. आपण ही खूण 'बरोबर' अशी वाचतो. पाच अधिक तीन बरोबर आठ. आता हा शब्द मुलाच्या दिवसभरात कुठे कुठे येतो बघा. उत्तर अचूक आलं की बाई म्हणतात 'बरोबर!' आई म्हणते, 'दादाबरोबर जा.' तेव्हा 'पाच अधिक तीन बरोबर आठ' हे वाक्य मुलाला 'पाच अधिक तीन, बरोबर उत्तर आठ' असं ऐकू येत असेल तर नवल नाही. म्हणून घरी सराव करताना मी ही खूण 'एवढंच' अशी वाचते. 'आठ अधिक चार म्हणजे चौकट अधिक पाच एवढंच.' शाळेत 'बरोबर'च वाचू द्या, त्यात काही चूक नाही. पण 'एवढंच' म्हटलं की पुढचा प्रश्न मूल स्वतःच विचारतं: कशाएवढं?

ज्याने ही खूण आणली, त्याच्या मनातही नेमकं हेच होतं. वेल्समध्ये जन्मलेला रॉबर्ट रेकॉर्ड हा वैद्य आणि गणिती. १५५७ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात 'याच्याशी समान आहे' हे शब्द पुन्हा पुन्हा लिहिण्याचा त्याला कंटाळा आला, म्हणून त्याने त्याजागी एकाच लांबीच्या दोन समांतर रेघा ओढल्या. कारण दिलं की याहून सारख्या अशा दोन गोष्टी असूच शकत नाहीत. ही गोष्ट मुलांना सांगावी. खूण कोणीतरी, काही कारणाने काढलेली आहे हे कळलं की तिचा धाक कमी होतो.

आता तराजू. बाजारातले काटे इलेक्ट्रॉनिक झाले, त्यामुळे पुष्कळ मुलांनी दोन पारड्यांची तागडी हाताळलेलीच नसते. ती घरी करायला पंधरा मिनिटं लागतात. खांद्यांवर खाचा असलेला प्लॅस्टिकचा हँगर घ्या. श्रीखंडाचे दोन रिकामे, एकाच मापाचे डबे घ्या, प्रत्येकाला तीन भोकं पाडा आणि सारख्या लांबीच्या दोऱ्यांनी दोन्ही खाचांत अडकवा. हँगर खुंटीला अशा रीतीने लावा की तो मोकळा हलेल. रिकामा असतानाच एक बाजू जराशी खाली आली, तर वरच्या डब्याला खालून कणकेची छोटी गोळी चिकटवा. यालाच पासंग म्हणतात. 'तो तुझ्या पासंगालाही पुरणार नाही' हे वाक्य मुलांनी कुठेतरी ऐकलेलं असतं. पासंग म्हणजे काय ते इथे त्यांना बोटाने चाचपता येतं.

पारड्यात काय ठेवायचं हे मात्र नीट ठरवा. मी पहिल्यांदा चिंचोके घेतले होते, घरात भरपूर होते म्हणून. भाचीने डावीकडे सहा टाकले, उजवीकडे सहा टाकले, आणि हँगर ठळकपणे डावीकडे कलला. तिने दोनदा मोजून पाहिलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, "मावशी, सहा बरोबर सहा खोटं आहे?" चिंचोके लहानमोठे असतात. मुलाच्या मनात जे पक्कं करायचं तेच मी डळमळीत करून ठेवलं होतं. रुपयाच्या नाण्यांतही हा धोका आहे, कारण वेगवेगळ्या वर्षांच्या नाण्यांची वजनं वेगळी आहेत. कॅरमच्या सोंगट्या चांगल्या, एका संचातल्या सगळ्या जवळपास सारख्या भरतात. आकडे मोठे करायचे असतील तर हार्डवेअरच्या दुकानातून एकाच मापाचे नट आणा.

कॅरमच्या सोंगट्यांचा आणखी एक फायदा म्हणजे दोन रंग. डावीकडे ५ पांढऱ्या आणि ३ काळ्या टाका. उजवीकडे ४ पांढऱ्या टाका. हँगर डावीकडे कललेला आहे. आता मुलाने एकेक काळी सोंगटी उजवीकडे टाकत जायची आणि हँगर आडवा झाला की थांबायचं. चार टाकल्यावर तो आडवा होतो. मगच कागद पुढे घ्यायचा आणि जे केलं ते लिहायचं: ५ + ३ = ४ + ४. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी हात, मग लिहिणं. लिहिताना '=' ही खूण कागदावर मधोमध, हँगरच्या हुकाच्या जागी येते. हे मुलांच्या आपणहून लक्षात येतं, पण नाही आलं तर बोट ठेवून दाखवा.

वजाबाकीला थोडं जपून जावं लागतं, कारण 'वजा दोन' पारड्यात ठेवता येत नाही, काढूनच घ्यावं लागतं. डावीकडे ९ ठेवा, त्यातल्या २ काढा. उजवीकडे ४ ठेवा. आणखी किती टाकल्या म्हणजे समतोल होईल? ९ − २ = ४ + □. उत्तर ३. एकदा हँगर आडवा असताना दोन्हीकडून दोन-दोन सोंगट्या काढायला सांगा, आणि काढण्यापूर्वी विचारा, आता काय होईल? तो तसाच आडवा राहतो. मोठ्यांना यात काही विशेष वाटत नाही. पण पुढे सातवीत 'क्ष + ५ = १२, म्हणून क्ष = १२ − ५, कारण बाजू बदलली की चिन्ह बदलतं' असं जे मंत्रासारखं पाठ करून घेतलं जातं, त्यामागचं सगळं कारण या एका कृतीत आहे. पाच उडी मारून पलीकडे गेलेले नसतात. दोन्ही पारड्यांतून पाच-पाच काढलेले असतात.

चार-पाच दिवस तराजूवर खेळून झालं की कागदावर या, नाहीतर तराजू नुसतं खेळणं होऊन बसतं. सुरुवात खरं-खोटंपासून करावी. वाक्यं लिहा आणि खरं की खोटं एवढंच विचारा:

८ = ५ + ३
७ = ७
६ + ४ = ४ + ६
५ + ३ = ८ + २

पहिल्या वाक्याला मुलं 'हे उलटं लिहिलंय' म्हणतात. दुसऱ्याला 'यात गणितच नाही' म्हणतात. चौथं मात्र कितीतरी मुलांना खरं वाटतं, कारण पाच आणि तीन आठ होतातच, आणि आठ पुढे लिहिलेलेच आहेत. इथे चूक सांगण्याची घाई करू नका. 'तराजूत काय होईल?' एवढंच विचारा. डावीकडे आठ, उजवीकडे दहा. मूल स्वतःच म्हणतं, 'उजवीकडे खाली जाईल.' हा प्रश्न घरात पक्का बसला की 'उत्तर चूक की बरोबर' हे मोठ्यांना विचारायला मूल फारसं येत नाही. ते त्याचं त्यालाच तपासता येतं.

यानंतर चौकटी. पहिलीतल्या मुलाला ८ = □ + ३ पुरे. दुसरीला १२ − ५ = □ + ४. तिसरी-चौथीला ३८ + २७ = ४० + □. या शेवटच्या गणितावर जरा थांबू या, कारण खरी गंमत इथे सुरू होते.

पहिल्यांदा मूल ते सरळ करतं. ३८ आणि २७ ची बेरीज ६५, मग ६५ मधून ४० वजा, उरले २५. म्हणजे एकाच गणितात हातच्याची एक बेरीज झाली आणि एक वजाबाकीही. निव्वळ सराव म्हणूनही हे रोजच्या वीस गणितांच्या पानापेक्षा सरस आहे, कारण कुठलं काम करायचं हे चिन्ह बघून ठरत नाही, विचार करून ठरवावं लागतं. अधिकची खूण दिसतेय आणि तरी वजाबाकी करायचीय, ही गोष्ट मुलांना प्रथम खटकते. खटकू द्या.

अशी सात-आठ गणितं झाली की एखादं मूल बेरीज न करताच २५ सांगतं. कसं, म्हणून विचारलं तर म्हणतं, '३८ चे ४० झाले, दोन वाढले, मग २७ मधले दोन कमी केले.' असं झालं की हातातलं काम बाजूला ठेवा आणि त्याला ते पुन्हा सांगायला लावा. त्याने नुसतं गणित केलेलं नाही, दोन्ही बाजू एकदम पाहिल्या. पूर्वी वाणी तोंडी हिशेब करायचा तो याच वाटेने. ४९९ अधिक ३४७? त्याने ५०० आणि ३४६ केले, झाले ८४६. कागद नाही, हातचा नाही.

मग हीच युक्ती वजाबाकीला लावली की मुलं हमखास फसतात. ५२ − ३८ = ५४ − □. बेरजेच्या सवयीने ती ३६ लिहितात: इकडे दोन वाढले, तिकडे दोन कमी. तपासा. डावीकडे १४, उजवीकडे १८. तराजू कलला. इथे पारड्यापेक्षा वयाचं उदाहरण चांगलं चालतं. आजी ६२ वर्षांची, नात ८ वर्षांची. आजी नातीपेक्षा किती मोठी? ६२ − ८, म्हणजे ५४. दोन वर्षांनी आजी ६४ ची होईल, तेव्हा नात किती वर्षांची असेल? ६२ − ८ = ६४ − □. दहा, हे सांगायला कुणालाच वेळ लागत नाही. आजी मोठी होते तशी नातही होते, दोघींमधलं अंतर बदलत नाही. वजाबाकी म्हणजे अंतर, हे इथे मुलाच्या हाती लागतं. तोवर वजाबाकी म्हणजे 'काढून घेणं' एवढंच त्याला माहीत असतं. ५०३ − १९८ सारख्या गणितात मधल्या शून्यापाशी येऊन रडकुंडीला आलेली मुलं मी पाहिली आहेत. दोन्हीकडे दोन वाढवले की ते ५०५ − २०० होतं, म्हणजे ३०५.

एक चूक मात्र आपण मोठी माणसंच मुलांना शिकवतो. एसटीत १२ प्रवासी होते, एका थांब्यावर ५ चढले, पुढच्या थांब्यावर ३ उतरले. आता किती? फळ्यावर, वहीत, घरच्या अभ्यासात ते असं लिहिलं जातं:

१२ + ५ = १७ − ३ = १४

उत्तर १४ अचूक आहे. पण लिहिलेलं वाचा. पहिल्या खुणेच्या डावीकडे १७ आहेत आणि उजवीकडे १७ − ३, म्हणजे १४. आपण १७ आणि १४ सारखे आहेत असं लिहून बसलो. घाईत हे होतं. पण मूल यातून तेच शिकतं जे आपल्याला पुसायचं आहे, की ही खूण म्हणजे 'पुढे चला'. दोन ओळींत लिहावं: १२ + ५ = १७, आणि खाली १७ − ३ = १४. किंवा एकाच ओळीत १२ + ५ − ३ = १४. ओघात लिहायचंच असेल तर '=' ऐवजी बाण काढा. शिक्षक मित्रमैत्रिणींना माझी कळकळीची विनंती आहे, फळ्यावर तरी एवढं सांभाळावं.

दोन पारड्यांचा हा विचार आपल्या मातीत फार जुना आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या सिद्धांतशिरोमणीच्या बीजगणित या भागात एक उदाहरण आहे. एकाजवळ ३०० रुपये आणि ६ घोडे. दुसऱ्याजवळ १० घोडे, पण त्याच्यावर १०० रुपये कर्ज. सगळ्या घोड्यांची किंमत सारखी, आणि दोघांची संपत्तीही सारखी. तर एका घोड्याची किंमत किती? भास्कराचार्यांच्या काळी '=' ही खूण नव्हती. दोन बाजू एकाखाली एक लिहीत आणि प्रत्येक बाजूला 'पक्ष' म्हणत. दोन्ही पक्षांतून सारखंच काढून घेण्याच्या क्रियेला समशोधन हा शब्द आहे.

हे उदाहरण मी चौथीतल्या मुलांना अक्षरांशिवाय, नुसतं तराजूच्या भाषेत घातलं आहे. दोघांनाही १०० रुपये द्या. दोघांनाही सारखेच दिल्यामुळे दोघे सारखेच श्रीमंत राहतात. आता पहिल्याजवळ ४०० रुपये आणि ६ घोडे झाले. दुसऱ्याचं कर्ज फिटलं, त्याच्याजवळ नुसते १० घोडे. मग दोघांकडून सहा-सहा घोडे काढून घ्या. एकाकडे ४०० रुपये, दुसऱ्याकडे ४ घोडे. एक घोडा १०० रुपयांचा. नऊ-दहा वर्षांची मुलं हे अडखळत का होईना, पण करतात. चाळीसगावजवळच्या पाटण गावी देवीच्या देवळात भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे. आजोबांच्या ग्रंथांचं अध्ययन व्हावं म्हणून मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. तिकडच्या बाजूला सहल गेलीच तर घोड्यांचं हे गणित मुलांना वाटेत घालावं.

रोज दहा मिनिटं आणि तीन-चार गणितं यापेक्षा जास्त नको. अधूनमधून दोन रिकाम्या जागांचं गणित द्यावं: □ + △ = १०. पहिली जोडी सापडली की मुलं थांबतात. 'अजून आहे का?' विचारत राहा. शून्य धरून ११ जोड्या सापडतात, आणि सगळ्या संपल्या हे कसं ठरवायचं, हा प्रश्न मुलांमध्येच रंगतो. मोबाइलवर समतोलाचे खेळही मिळतात. त्यांनी सराव होतो, पण 'असं का लिहिलंस?' हे ते विचारत नाहीत, आणि त्या प्रश्नाच्या उत्तरातच मुलाची खरी अडचण कळते. 'ते पुढचं गणित आहे, मावशी' हे मला कुठल्या खेळाने सांगितलं नसतं.

महिन्याभराने मुलांना स्वतः गणितं रचायला लावा. भाचीने मागच्या रविवारी पाटीवर एक लिहून मला आणून दिलं:

१०० − ३७ = ९९ − □

मी ३६ लिहिलं. तिने पाटी काढून घेतली, उजव्या बाजूवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "बघ, नव्याण्णव केलं की हातचा लागतच नाही." हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं.